टबात बसलेला पिकासो, आणि त्याच्या घरातला फोटोग्राफर

प्रश्न (कोल्हापूरहून एक वाचक): पिकासोचा बाथटबमधला फोटो बघितला. एवढ्या मोठ्या चित्रकारानं असला फोटो काढू कसा दिला? की सगळं ठरवून, पोज देऊन केलेलं?

उत्तर: अजिबात ठरवलेलं नव्हतं. हा फोटो डेव्हिड डग्लस डंकनचा आहे, फेब्रुवारी १९५६ मधला, फ्रान्समध्ये कान शहरात पिकासोचा 'ला कॅलिफोर्नी' नावाचा बंगला होता तिथला. डंकन म्हणजे अमेरिकेतल्या 'लाइफ' मासिकाचा युद्धफोटोग्राफर, कोरियाच्या युद्धात मरीन सैनिकांसोबत भयंकर थंडीत चालत चालत फोटो काढलेला माणूस. रॉबर्ट कापा हा दुसरा युद्धफोटोग्राफर त्याचा मित्र, त्यानं सांगून ठेवलेलं की पिकासोला एकदा भेटच, पण कापा १९५४ मध्ये इंडोचायनात (आजच्या व्हिएतनाममध्ये) सुरुंगाच्या स्फोटात गेला आणि ती ओळख करून द्यायची राहूनच गेली. मग डंकन एकटाच गेला, पिकासोला भेट म्हणून एक अंगठी घेऊन. जॅकलिननं (जॅकलिन रोक, तेव्हाची जोडीदार, लग्न पुढे १९६१ मध्ये झालं) त्याला थेट वर नेलं तर साहेब अंघोळ करतायत! तिथेच ओळख झाली आणि तिथेच फोटो.

पण मला विचाराल तर टबचा फोटो ही फक्त सुरुवात आहे, खरं काम त्यानंतरचं. डंकन त्या घरात पुन्हा पुन्हा जाऊन राहिला, आणि राहिला म्हणजे खरंच राहिला, सगळे जेवतायत, मुलं खेळतायत, पिकासो काम करतोय आणि हा कोपऱ्यात गप्प. कॅमेरा लायका, ज्यात एसएलआरसारखा (म्हणजे आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यासारखा) आतला आरसा वर उडत नाही त्यामुळे आवाज अगदी बारीक, फ्लॅशचा लखलखाट नाही, म्हणून घरातल्यांना त्याचा विसर पडायचा. १९५७ मधली एक मालिका तर मला फार आवडते, पिकासो मासा खातोय, हातात माशाचा सांगाडा धरून एकेक कण चाटूनपुसून संपवतोय, आणि मग तोच सांगाडा ओल्या मातीत दाबून त्याचा ठसा सिरॅमिकच्या थाळीवर घेतोय. जेवण कुठे संपलं आणि काम कुठे सुरू झालं ते कळतच नाही! मुलाखतीत कितीही प्रश्न विचारा, हे हाती लागणार नाही, त्यासाठी त्या टेबलाशी कुणीतरी बसलेलं असावंच लागतं.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): त्या फोटोंमधला लांबुडका कुत्रा पिकासोचा का?

उत्तर: मूळचा डंकनचा, नाव लुम्प, डॅशहंड जातीचा. १९५७ मध्ये डंकन त्याला सोबत घेऊन गेला आणि तो तिथलाच झाला. पिकासोनं त्याचं चित्र थाळीवर काढलं, आणि त्याच वर्षी जुना स्पॅनिश चित्रकार वेलास्केझ याच्या 'लास मेनिनास' या चित्रावरून जी चित्रमालिका केली त्यातही मूळ चित्रातल्या भल्यामोठ्या कुत्र्याच्या जागी हा बुटका लुम्प आणून बसवला. ती मालिका आता बार्सिलोनाच्या पिकासो म्युझियममध्ये आहे. लुम्प १९७३ च्या मार्चमध्ये गेला आणि ८ एप्रिलला पिकासो.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): हे फोटो बघून पिकासो किती प्रेमळ, हसरा वाटतो, पण त्याच्याबद्दल वाचलेलं तर वेगळंच आहे. मग फोटो खोटे का?

उत्तर: खोटे नाहीत, पण अर्धे आहेत. डंकन मित्र म्हणून आत गेला, आणि ज्या घरात तुम्हाला आपलं मानून जेवायला बसवतात त्या घरातली भांडणं तुम्ही छापत नाही. फ्रान्स्वाज जिलो ही चित्रकार, जॅकलिनच्या आधीची जोडीदार, पिकासोला १९५३ मध्ये सोडून गेली, त्याच्यासोबतच्या आयुष्यावरचं तिचं पुस्तक १९६४ मध्ये आलं, ते थांबवायला पिकासो कोर्टात गेला आणि हरला, आणि मग तिच्यापासून झालेल्या आपल्या दोन्ही मुलांना, क्लोद आणि पालोमाला, भेटणंही त्यानं बंद केलं. डंकनच्या फोटोंमध्ये हीच मुलं बापासोबत मजा करताना दिसतात. ती मजा खरी होती, आणि पुढे दार बंद झालं तेही खरं, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की डंकनचे फोटो बघणाऱ्यानं जिलोचं पुस्तकही वाचावं.

प्रश्न (चिपळूणहून एक वाचक): आमच्या गावात एक वयस्कर चित्रकार आहेत, त्यांचे असे घरगुती फोटो काढायची फार इच्छा आहे. सुरुवात कशी करू?

उत्तर: जरूर करा, आणि लवकर करा. आधी काही दिवस नुसतं जाऊन बसा, चहा घ्या, रंग कुठून आणतात, सकाळी किती वाजता बसतात ते विचारा. मोबाइलनं काढणार असाल तर शटरचा आवाज बंद ठेवा, फ्लॅश नको, खिडकीचा उजेड पुरतो. घरातल्या बाकीच्यांनाही विचारा, कारण फोटोत त्यांचंही घर येणार. कुठले फोटो बाहेर जाणार नाहीत ते सुरुवातीलाच बोलून घ्या. आणि त्यांचे रंगाचे डबे, ब्रश, जुनी स्केचबुकं यांचेही फोटो काढून तारीख टाकून ठेवा, घर आवरायला निघालं की आधी तेच भंगारात जातं.