पत्र्याच्या शेडबाहेरचा नळ हलतो आणि भोकातून पाणी आत येतं, काय करू?

नळ बदलून काही होणार नाही. तुमच्या वर्णनावरून सगळा भार पत्र्यावर आहे, आणि अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा नळ फिरवण्याचा जोर सोसत नाही. प्रत्येक वेळी पाइप हलतो, भोकाची धार त्याला कापत जाते. पाइप सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) असेल तर एक दिवस तो नक्की चिरणार.

आधी मेन कॉक बंद करा. आतून शेडच्या सांगाड्याच्या दोन उभ्या लोखंडी अँगलच्या मध्ये एक आडवा अँगल किंवा जाड प्लायचा तुकडा बोल्टने घट्ट बसवा आणि नळामागचा ब्रास एल्बो (पितळी कोपरा) यू-क्लॅम्पने त्यालाच आवळा. खरं काम एवढंच आहे, आणि नेमकं हेच घाईत टाळलं जातं. बाहेर येणारा तुकडा जीआय निपलचाच (जस्त चढवलेल्या लोखंडी, आटे असलेल्या छोट्या पाइपचा) ठेवा. सीपीव्हीसी उन्हात ठिसूळ होतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप आटे आवळायच्या दिशेनेच गुंडाळा, दहा-बारा वेढे.

भोक कानसीने घासून गुळगुळीत करा, उघड्या धारेला झिंक प्रायमर लावा, मग भोकाच्या कडेवर रबरी ग्रोमेट (कडी) बसवा. फट सिलिकॉनने भरा, पण ‘न्यूट्रल’ लिहिलेलंच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन जस्ताचा थर खातं, वर्षभरात तिथेच गंज दिसेल. खालची कड थोडी मोकळी सोडा, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर पडेल.

सीपीव्हीसीला सोल्व्हंटचा (चिकटवण्याच्या द्रावाचा) जोड केला असेल तर रात्रभर पाणी सोडू नका.