एच-१बी वर बेंचवर बसवून कंपनी पगार थांबवू शकते का?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, प्रोजेक्ट संपल्यावर कन्सल्टन्सीने बेंचवर बसवलंय (नोकरी आहे, पण काम नाही), पगार बंद. एचआर म्हणतो बिलिंग (क्लायंटकडून कामाचे पैसे) नाही तर पगार नाही, आणि सोडून जायचं म्हटलं की मुदतीआधी सोडल्यास पैसे भरायचा बाँड दाखवतो. तक्रार करावी की गुपचूप दुसरी नोकरी बघावी?

दोन्ही करा, आणि लगेच करा. मी इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात फायली तयार करते; स्वतः वकील नाही. पण अशा फायली आमच्याकडे सारख्या येतात, आणि बहुतेकांना भीती एकच: तक्रार केली तर व्हिसा जाईल. खरा धोका गप्प बसण्यात आहे.

आधी पगाराचं. तुमच्या पिटिशनआधी (व्हिसासाठी कंपनीने केलेला अर्ज) कंपनीने लेबर डिपार्टमेंटकडे एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींची लेखी हमी देणारा अर्ज, भरलेला असतो. त्यात लिहून दिलेला पगार काम नसलं तरी द्यावाच लागतो. क्लायंट मिळाला नाही ही कंपनीची अडचण. सूट मिळते ती तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी रजा मागितली किंवा आजारपण, अपघात अशा कारणाने काम करणंच शक्य नसलं तर. आणि डाव खेळला जातो तो यातल्या पहिल्या सवलतीवर. एचआरचा गोड मेल येतो, ‘पोर्टलवर अनपेड लीव्ह टाकून ठेवा, नुसती फॉर्मॅलिटी आहे.’ टाकू नका. एकदा ते बटण दाबलंत की पगार कंपनीने थांबवला नाही, तुम्हीच रजेवर गेलात, असं चित्र उभं राहतं. उलट मेलने कळवा: ‘मी कामासाठी उपलब्ध आहे, रजा मागितलेली नाही.’ बस, एवढंच. रागाचे चार परिच्छेद लिहू नका, ते पुढे कुणीतरी वाचणार असतं.

‘तुला तर तेव्हाच काढलं होतं’ असं मागाहून म्हणूनही कंपनी सहसा सुटत नाही. काढताना तुम्हाला कळवणं, यूएससीआयएसला (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) कळवणं आणि मायदेशी परतायचं भाडं देऊ करणं, हे तिन्ही तिने करायला हवं. २००६ च्या ॲमटेल प्रकरणात लेबर डिपार्टमेंटच्या अपील बोर्डाने हेच धरलं होतं.

म्हणजे कामगार कायदा तुमच्या बाजूने भक्कम आहे. गोची पुढे आहे. लेबर डिपार्टमेंट विचारतं, कंपनीने पैसे बुडवले का? यूएससीआयएस विचारतं, तुम्ही स्टेटसमध्ये होतात का, म्हणजे व्हिसाच्या अटी पाळून राहत होतात का? नसलेली पे-स्टब (पगाराची पावती) पहिल्या खात्यात कंपनीविरुद्धचा पुरावा असते आणि दुसऱ्या खात्यात तुमच्याविरुद्धचा. नोकरी गेल्यावर मिळणारे जास्तीत जास्त ६० दिवस (२०१७ पासूनचा नियम, आय-९४, म्हणजे मुक्कामाची मुदत दाखवणारी नोंद, आधी संपत असेल तर तेवढेही नाहीत) यूएससीआयएस सहसा शेवटच्या पगारी दिवसानंतर मोजतं. तुम्ही स्वतःला बेंचवर समजत असता आणि तिकडे घड्याळ कदाचित केव्हाच सुरू झालेलं असतं.

पूर्वी यावर एक सरळ तोडगा होता. नव्या कंपनीची पिटिशन मंजूर झाली पण मुक्काम वाढवून मिळाला नाही, तर देशाबाहेर जाऊन परत यायचं. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने नव्या पिटिशनवर १ लाख डॉलरची अट आली. देशात राहून नोकरी बदलणाऱ्यांना ती लागू नाही, पण ऑक्टोबरमधल्या खुलाशात यूएससीआयएसने मेख मारून ठेवली: माणूस वैध स्टेटसमध्ये नसल्यामुळे मुक्काम वाढवता येत नसेल, तर रक्कम भरावी लागेल. घोषणा १२ महिन्यांसाठी काढलेली आणि वाढवता येण्याजोगी आहे, म्हणून आज ती कोणत्या रूपात लागू आहे हे वकिलाकडून पाहून घ्या. एवढे पैसे भरून तुम्हाला घेणारी कंपनी मला तरी दिसत नाही.

म्हणून नवी पिटिशन लवकरात लवकर दाखल व्हायला हवी. तुमचा अधिकृत मुक्काम चालू असताना ती गेली की मंजुरीची वाट न पाहता काम सुरू करता येतं.

तक्रार डब्ल्यूएच-४ फॉर्मवर, लेबर डिपार्टमेंटच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे करायची. मुदत शेवटच्या उल्लंघनापासून १२ महिने. तक्रारीचा सूड उगवणं कायद्याने बंद आहे, आणि ही बाजू फार लोकांना माहीत नसते: एलसीएच्या उल्लंघनाची तक्रार केली म्हणून कंपनीने त्रास दिला हे कागदांनी दाखवता आलं, तर स्टेटस तुटण्याला यूएससीआयएस असाधारण परिस्थिती मानू शकतं. मानेलच असं नाही, अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. पण तक्रारच केली नसेल तर दाखवणार काय? नव्या पिटिशनसोबत वकिलाला तिची प्रत, तुमचा तो मेल आणि बँक स्टेटमेंट जोडू द्या.

राहिला बाँड. मुदतीआधी सोडल्याबद्दल दंड म्हणून पैसे मागायला एच-१बी च्या नियमांत मनाई आहे. खऱ्या नुकसानीची आधी ठरलेली वाजवी भरपाई काही वेळा चालते, आणि ती दंड आहे की भरपाई हे राज्याच्या कायद्यावर ठरतं. पिटिशनची फी आणि वकिलाचा खर्च मात्र त्यात घालता येत नाही. तेव्हा एचआरला लेखी विचारा, ही रक्कम नेमकी कशाची, हिशेब पाठवा.