कच्च्या वाटेवर जीप तापते; कूलंटमध्ये ॲडिटिव्ह घातल्याने इंजिन थंड राहील का?

खानापूर-जांबोटीकडच्या रानवाटांवर फोर व्हील लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या संथ गिअरमध्ये, चालवताना तुमच्या डिझेल जीपचा तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो, महामार्गावर मात्र हा त्रास मुळीच होत नाही, आणि म्हणून कूलंटमध्ये मिसळायचे ॲडिटिव्ह घालावे का, असे तुम्ही विचारले आहे. चांगले ॲडिटिव्ह घातल्याने सहसा नुकसान होत नाही, परंतु तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवर ते औषध नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी ते ॲडिटिव्ह करते काय, हे समजून घ्यावे. सिलिंडर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास धातू इतका तापतो की त्याला लागून असलेले पाणी जागच्या जागी उकळते, आणि वाफेचे बुडबुडे धातूला चिकटून राहिले की उष्णता पाण्यात उतरत नाही. ॲडिटिव्हमुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, बुडबुडे लवकर सुटतात आणि पाणी धातूला नीट भिडते. हा परिणाम खरा आहे, पण तो मुख्यतः साध्या पाण्यात दिसतो. ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला गोठण रोखणारा द्रव, निम्मा असलेल्या मिश्रणात तो फारच थोडा उरतो. शिवाय ही सगळी मदत उष्णता इंजिनातून पाण्यात येण्यापुरती आहे. पाण्यातून ती बाहेरच्या हवेत जाण्याचे काम रेडिएटर आणि पंखाच करतात, आणि तुमची गाडी अडते आहे ती नेमकी तिथेच.

महामार्गावर गाडीच्या वेगामुळेच रेडिएटरमधून भरपूर वारा जातो. रानवाटेवर वेग ताशी आठ-दहा किलोमीटर, इंजिनाचे फेरे मात्र चढे, आणि वारा खेचायला एकटा पंखा. म्हणून प्रथम पंख्याचा पट्टा, त्याचा क्लच आणि पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण तपासावे. पंखा व्हिस्कस क्लचचा, म्हणजे तापल्यावर पंख्याला घट्ट पकडणाऱ्या जोडणीचा, असेल, तर इंजिन चांगले तापल्यावर गाडी बंद करून, किल्ली काढून, तो हाताने फिरवून पाहावा. गरम असतानाही तो मोकळा गरगर फिरला तर क्लच निकामी झाला आहे.

दुसरी गोष्ट मी स्वतः अनुभवातून शिकलो. कणकुंबीकडे पावसाळ्यात दोन-तीन फेऱ्या झाल्यानंतर माझी जीप अशीच तापू लागली. मी ॲडिटिव्हच्या दोन बाटल्या घातल्या, पण काटा तसूभरही खाली आला नाही. शेवटी पुढची जाळी काढली, तेव्हा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत तांबडी माती विटेसारखी घट्ट बसलेली दिसली, आणि तिच्यात गवताची कुसळे रुतलेली होती. मी प्रत्येक वेळी गाडी समोरून धूत होतो, त्यामुळे चिखल आणखी आत ढकलला जात होता. रेडिएटर इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने, हलक्या धारेने धुवावा. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि वाट आणखी बंद होते. माती मोकळी केल्यावर त्याच चढावर काटा मध्यावर स्थिर राहिला.

रेडिएटरची कॅपही बदलून पाहावी, कारण ती स्वस्त आहे आणि तिचे काम मोठे आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्याने उघडे पाणी आपल्याकडे ९७-९८ अंशांवरच उकळते. कॅपने सुमारे १ बार दाब धरला तर हाच आकडा ११८ अंशांच्या पुढे जातो. तिचे रबर कडक झाले असेल, तर कूलंटमध्ये काहीही घातले तरी पाणी उकळून बाहेर पडणारच. इंजिन गरम असताना ती कधीही उघडू नये.

आपल्या भागात अनेक जण थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला देतात. तो कृपया मानू नका. थर्मोस्टॅट ही रेडिएटरकडे जाणारे पाणी तापमानानुसार सोडणारी झडप आहे. तो साधारण ८२ अंशांना उघडू लागतो आणि पूर्ण उघडल्यावर पाण्याला फारसा अडवत नाही. तो काढल्यास डिझेल इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त जाते आणि झीज वाढते. अडकत असेल तर नवा बसवावा.

मिश्रणाबाबत तुमच्या हातात थोडी मोकळीक आहे. ग्लायकॉल निम्मे असलेले मिश्रण शुद्ध पाण्यापेक्षा सुमारे पंधरा ते वीस टक्के कमी उष्णता वाहून नेते, आणि आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही. त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेत मुभा असेल तर मिश्रणातले मूळ, पाणी न घातलेल्या कूलंटचे प्रमाण एक तृतीयांशापर्यंत आणता येते. त्याहून खाली मात्र जाऊ नये, कारण गंज रोखणारी द्रव्ये त्यातच असतात. पाणी डिस्टिल्डच वापरावे. बोअरच्या जड पाण्याचा क्षार आतल्या नळ्यांत थर धरतो. एवढे सगळे ठीक करूनही काटा चढलाच, तर मग ॲडिटिव्ह जरूर घालून पाहा, मात्र गळती बुजवणारी पूड त्याच्या जागी घेऊ नका, ती रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

जुने कूलंट बदलताना ते बांधावर किंवा ओढ्यात ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असते, आणि गुरे-कुत्री ते चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये द्यावे.