स्पर्धेत हुंग गार या दक्षिण चिनी कुंग फू शैलीचा ‘वाघ-बगळा’ फॉर्म (ठरलेल्या हालचालींची मालिका) छोटा करावा का? उड्या घालाव्यात का?

छोटा जरूर करा, पण उड्या अजिबात घालू नका. हुंग गारचे प्रसिद्ध गुरू वाँग फेई-हुंग यांच्या परंपरेतला हा फॉर्म पूर्ण केला तर काही मिनिटं चालतो आणि बऱ्याच स्पर्धांत पारंपरिक गटाला तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे भाग गाळा. सुरुवातीचं वंदन, वाघाचा पंजा, बगळ्याची चोच आणि शेवट मात्र ठेवाच. उड्या आणि हवेतल्या गिरक्यांना गुण असतात ते आधुनिक नानछ्वानमध्ये, म्हणजे दक्षिणी शैलींवर बेतलेल्या वुशू स्पर्धाप्रकारात; तो गट वेगळा. पारंपरिक गटात पंच पाहतात तो पवित्रा. वाघाचा पंजा मारताना मागची टाच उचलली गेली की जोर जमिनीतून आलेला नाही हे लगेच कळतं. सुरुवातीच्या सावकाश, स्नायू ताणून केलेल्या हातांच्या हालचाली तर घाईत उरकूच नका. दक्षिणी शैलीची खरी ओळख तिथेच आहे, आणि नेमका तोच भाग लोक आधी कापतात! एक मात्र बघा: वेळेची मर्यादा प्रत्येक स्पर्धेत वेगळी असते, आणि काही ठिकाणी हुंग गार, विंग चुन, चॉय ली फट सगळे एकाच ‘दक्षिणी’ गटात खेळवतात. त्यामुळे नियमपत्रिका वाचूनच कात्री लावा, तीही गुरूंना विचारून.