टू-थ्री झोन : मधली जागा कोणी भरायची?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शारीरिक शिक्षण शिकवतो. आमच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात उंच खेळाडू दोघीच असल्यामुळे आम्ही टू-थ्री झोन (दोघी पुढे आणि तिघी मागे राहून आपापली जागा राखण्याचा बचाव) लावतो. तालुक्याला तो चालला. परंतु बेळगावला प्रतिस्पर्धी संघाने फ्री थ्रो लाइनच्या मध्यभागी एक खेळाडू उभी केली आणि आमचा बचाव कोलमडला. सेंटरला, म्हणजे मागच्या तिघींतल्या मधलीला, पुढे पाठवले तर चेंडू तिच्या मागे जाई, न पाठवले तर ती मुलगी निवांत शॉट घेई. झोन सोडून मॅन टू मॅन (प्रत्येकीने एकेका प्रतिस्पर्धी खेळाडूला अडवणे) लावावे काय?

उत्तर : सर, झोन सोडण्याची घाई करू नये. फ्री थ्रो लाइनचा मध्य ही टू-थ्रीची जन्मजात उणीव आहे. पुढच्या दोघी आणि मागच्या तिघी यांच्यामधली ती जागा कोणाच्याच नावावर नसते. तेथे चेंडू पोहोचल्यावर काय करावे याचा विचार आपण केलात, पण तो तेथे पोहोचतोच कसा, हे आधी पाहावे लागेल.

बहुतेक शालेय संघांत पुढच्या दोन्ही गार्ड चेंडूच्या ओढीने बाहेर सरकतात आणि दोघींच्या मधून सरळ पास आत जातो. म्हणून एकीने चेंडूवर जायचे आणि त्याच वेळी दुसरीने मागे सरकून त्या मधल्या खेळाडूच्या पुढ्यात, हात वर ठेवून उभे राहायचे, असा नियम करावा. चेंडू बाजू बदलेल तशी दोघींची कामेही बदलतील. यामुळे पलीकडची विंग, म्हणजे कडेची जागा, क्षणभर मोकळी राहते. तिकडे पास गेल्यास त्या बाजूच्या मागच्या फॉरवर्डने (मागच्या तिघींतल्या कडेच्या खेळाडूने) बाहेर येऊन पहिला शॉट अडवावा आणि गार्ड पोहोचताच आपल्या जागी परतावे. ही देवाणघेवाण झोनमधील सर्वांत अवघड गोष्ट आहे, कारण गार्ड येण्याआधीच फॉरवर्ड परतली तर शॉट मोकळा मिळतो आणि ती रेंगाळली तर कॉर्नर उघडा पडतो. म्हणून गार्डने पोहोचताच मोठ्याने ‘आले’ म्हणावे, तोवर फॉरवर्डने हलू नये. संघात कन्नड बोलणाऱ्या मुली असतील तर असे दोन-तीन शब्द सर्वांच्या संमतीने आधीच ठरवून घ्यावेत.

इतके करूनही चेंडू मध्ये गेलाच तर सेंटरने पुढे यावे, पण एकटीने नव्हे. ती पाऊल उचलते त्याच क्षणी दोन्ही फॉरवर्डनी रिंगखाली आत सरकले पाहिजे. आपल्या संघाच्या बाबतीत बहुधा हेच राहून गेले असावे. फॉरवर्ड आपापल्या कोपऱ्याकडे पाहत राहिल्या, म्हणून सेंटरच्या मागे चेंडू टाकता आला. आत आल्यावर कॉर्नर मोकळे होतील, ते होऊ द्यावेत. फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार तीन गुणांची रेषा 6.75 मीटरवर आणि कॉर्नरमध्ये 6.60 मीटरवर असते; शालेय वयात तेथून सातत्याने बास्केट करणाऱ्या खेळाडू थोड्याच. अशी एखादी समोर असेल तर मात्र तिच्या बाजूच्या फॉरवर्डने कमी आत यावे.

अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठाचे माजी प्रशिक्षक जिम बोहाइम यांनी वर्षानुवर्षे टू-थ्री झोन खेळवला आणि 2003 मध्ये त्यांच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. पण त्यांच्यासारखे उंच, लांब हातांचे खेळाडू मध्य आणि विंग एकाच वेळी सांभाळू शकतात. त्यांची पसरट मांडणी आपल्या मुलींनी जशीच्या तशी उचलू नये; आपला झोन आवळलेलाच बरा.

रिबाउंडचा, म्हणजे हुकलेल्या शॉटचा उसळलेला चेंडू पकडण्याचा, प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी तो याच्याशी जोडलेला आहे. झोनमध्ये ठरलेली प्रतिस्पर्धी नसल्यामुळे शॉट उडताच सगळ्या चेंडूकडे पाहत राहतात. त्याऐवजी प्रत्येकीने आधी जवळची खेळाडू शोधून तिला पाठीने अडवावे. लांबून मारलेला चेंडू लांब उसळतो, म्हणून शॉटच्या विरुद्ध बाजूच्या गार्डने फ्री थ्रो लाइनपाशी थांबावे.

सरावाबद्दल एवढेच सांगतो : चौघी बाहेर आणि एक मध्ये, अशा पाच खेळाडूंनी केवळ पास करावेत, शॉट घेऊ नये. चेंडू हवेत असतानाच बचावाच्या पाचही जणी हलल्या पाहिजेत. तो हातात पडल्यावर हललेली खेळाडू उशिराच पोहोचते. खानापूरच्या पावसात मैदान बंद असते तेव्हा वर्गात किंवा व्हरांड्यात खडूने जागा आखून, चेंडूऐवजी नुसत्या हाताच्या इशाऱ्यावरही हे घोटून घेता येते.

सामन्यात टाइमआऊट मोजकेच असतात, पूर्वार्धात 2 आणि उत्तरार्धात 3. एका टाइमआऊटमध्ये एकच बदल सांगावा, आणि तो आधी गार्डना. मॅन टू मॅनचा सराव मात्र वर्षभर चालू ठेवावा, कारण एकास एक अडवता न येणाऱ्या मुलींचा झोनही टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे. बाहेरचे शॉट सलग पडू लागले, किंवा शेवटच्या मिनिटांत आपण मागे असून प्रतिस्पर्धी चेंडू खेळवत वेळ काढू लागले, की झोन सोडून मॅन टू मॅन लावावे.