दापोली ते गुहागर, तुझ्या हिशेबानं

प्रिय बायो,

मैत्रिणीच्या पंधराव्या वाढदिवसाचा थाट बघून आलीस, तो घोळदार झगा, मुकुट, वडिलांबरोबरचा नाच, आणि गाडीत मला विचारलंस, "आई, आपल्यात मुलगी मोठी झाली हे कसं साजरं करतात? आणि मला पार्टीऐवजी कोकणात का नेत्येस?" ह्यूस्टनच्या हायवेवर गाडी चालवता चालवता देण्यासारखं ते उत्तर नव्हतं, म्हणून लिहित्ये.

मुलींसाठी पूर्वी एक सोहळा होता. लग्न आधीच, लहानपणीच झालेलं असायचं. मग न्हाण आलं की मुलीला मखरात बसवायचे, ओटी भरायचे, गोडधोड करायचे, साऱ्या आळीला कळवायचे. कौतुक व्हायचं ते सासरच्या सोयीचं. तिला स्वतःला काय वाटतंय, हे विचारायची पद्धत नव्हती. तो सोहळा गेला ते बरंच झालं. मला त्याची हळहळ नाही.

मुलग्यांची मुंज मात्र अजून होते, काही जातींत. खरं वय आठाचं. म्हणजे तुझ्या मैत्रिणींच्या समारंभांपेक्षा कितीतरी आधी. गेल्या खेपेला तू मामेभावाच्या मुंजीत कंटाळून फोनवर होतीस, म्हणून काय काय चुकलं ते सांगते. सकाळी मातृभोजन असतं. बटू आईच्या ताटात बसून जेवतो, आणि ते त्या ताटातलं शेवटचं जेवण असं मानतात. मग मुंडण, जानवं, पळसाचा दंड, कानात गायत्री. मग भिक्षावळ: तासाभरापूर्वी आईच्या ताटात जेवलेलं पोर तिच्यासमोर झोळी धरून "भवति भिक्षां देहि" म्हणतं. पहिली भिक्षा आईनंच घालायची. मला या दोन गोष्टींपुढे बाकीचा सगळा खर्च फुकट वाटतो. हल्ली झोळीत चॉकलेटं पडतात, ते सोड.

सोडमुंजीत तर गंमतच आहे. विद्या पुरी झाली म्हणून बटू काशीला निघतो, छत्री-काठी घेऊन चार पावलं टाकतो, आणि मामा त्याला अडवतो: "जाऊ नकोस, माझी मुलगी देतो तुला." सगळे हसतात, पोरगा परत येऊन बसतो. प्रवास मांडलेला आहे, निघणंही आहे, फक्त जाऊ देत नाहीत. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीत मुलींचीही मुंज करतात; तुला हवी असेल तर मी आडवी येणार नाही. पण मला तुझ्यासाठी हवं आहे ते ते निघणं, आणि या खेपेला अडवायला मामा नाही.

कोकणातच का? एक तर तिथली पोरं खरोखर निघत आली आहेत. माझे आजोबा तुझ्याएवढे असताना बोटीनं मुंबईला गेले, ओळखीच्या माणसाच्या खोलीत पथारी टाकून राहिले. घरोघरी हीच कथा. आणि आपण जाणार आहोत त्या दापोलीजवळच्या मुरूडचा एक मुलगा १८७५ साली, भर पावसात, कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला चालत गेला. सुमारे ११० मैल. परीक्षेला बसायला सतरा वर्षं पुरी लागत. त्याची झालेली होती, दाखलाही होता. पण अंगानं किरकोळ. तू सतराचा दिसत नाहीस म्हणून परीक्षकांनी परत पाठवला. तेच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे. १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं. योगायोग बघ, अठराव्या वर्षी माणूस सज्ञान, हा हिंदुस्थानातला कायदाही त्याच १८७५ सालचा.

तर आपला बेत. खेडला रेल्वेतून उतरायचं आणि पुढे एसटी. काकाची गाडी नाही, त्यानं कितीही आग्रह केला तरी. मुरूड, संध्याकाळी हर्णैचा मासळीचा लिलाव (सुरमई खायची असेल तर आजीला आधी सांगू नकोस), मग दाभोळ, तिथून फेरीबोटीनं धोपावे आणि गुहागर. पैसे तुझ्याकडे. तिकिटं तू काढायचीस, बोटीच्या शेवटच्या फेरीची वेळ तू विचारून ठेवायचीस. तुझं मराठी अडखळतं हे ठाऊक आहे. कंडक्टरला त्याचं काही नसतं, त्याला सुटे पैसे लागतात. मी शेजारी बसेन आणि गप्प राहीन. हे मला जड जाणार आहे.

गुहागरला व्याडेश्वराला नारळ तू ठेवायचास, आपलं कुलदैवत आहे. देवावर तुझा विश्वास आहे की नाही, हे तिथे कोणी विचारत नाही.

आणि हेदवीची बामणघळ. काळ्या कातळात अरुंद भेग आहे. भरतीला लाट आत घुसते आणि पाण्याचा उंच फवारा उडतो. ओहोटीला गेलं तर नुसती भेग बघून परत यायचं. म्हणून वेळ तू काढायचीस. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. कृष्णपक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण किनाऱ्यावरची माणसं यावर चालत आली आहेत. फोनवर बघायचं नाही. आपल्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, डिसेंबरचं पान काढ आणि आपण हेदवीला कोणत्या दिवशी, किती वाजता पोचायचं ते ठरव. बाकीचे मुक्काम त्यावरून मागेपुढे करू. मात्र घळीच्या अगदी काठाशी जायचं नाही, खडक निसरडे असतात. तेवढ्यापुरती मी आईच.

वेळासची कासवं या खेपेला नाहीत. पिल्लं समुद्रात जातात तेव्हा तुझी शाळा चालू असते.

पहिलं काम: गुहागरच्या आत्येआजीला फोन तू लाव आणि आपण येतोय ते सांग. रात्री नऊनंतर लाव, तिथे सकाळ असते. पूजेत असली तर उचलणार नाही, पुन्हा लाव. काय आणू असं विचारलंस तर काही नको म्हणेल. बदाम घे, आणि गुडघ्याला लावायचं मलम.

तुझी,
आई