रेडिंगहून ग्रॅव्हल बाईक: कुठली वाट, कुठली माती, कुठला महिना

पुण्याहून इंग्लंडातल्या रेडिंगला आलेल्या सदस्याने विचारलं आहे की ७०० बाय ४० टायरची (४० मिमी रुंद) ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची सायकल, घेतली आहे, चारचाकी नाही, तर रेल्वेने जाऊन त्याच दिवशी परत येता येईल असे शेता-रानातले रूट कुठले, आणि हिवाळ्यात ते चालतात का. सविस्तर लिहितो, कारण या भागात फोटो बघून रूट निवडला की हमखास फसगत होते. आधी दोनच गोष्टी बघायच्या: त्या वाटेवर सायकलला हक्क आहे का, आणि चाकाखाली माती कुठली आहे.

शेतातून जाणाऱ्या सार्वजनिक वाटा चार प्रकारच्या असतात आणि खांबावरच्या बाणाच्या रंगावरून त्या ओळखायच्या. पिवळा बाण म्हणजे फुटपाथ, फक्त चालणाऱ्यांसाठी. निळा म्हणजे ब्राइडलवे, तिथे घोडा आणि सायकल दोन्ही चालतात. जांभळा म्हणजे रिस्ट्रिक्टेड बायवे आणि लाल म्हणजे मोटारींनाही खुला असलेला बायवे. या दोन्हींवर सायकल चालते. ब्राइडलवेवरचा सायकलचा हक्क १९६८ च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टने दिला. पण पादचारी आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची ही अट त्यातच आहे, आणि ती वाट सायकलजोगी ठेवायची जबाबदारी कोणावरही टाकलेली नाही. त्यामुळे नकाशात छान दिसणारा ब्राइडलवे जानेवारीत टापांनी तुडवलेला राडा निघू शकतो.

ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेच्या १:२५,००० एक्सप्लोरर नकाशात आखूड हिरव्या तुटक रेषा म्हणजे फुटपाथ, लांब तुटक रेषा म्हणजे ब्राइडलवे. रूट आखणारी अ‍ॅप्स हा फरक नेहमी पाळत नाहीत, म्हणून आखलेला प्रत्येक तुकडा या नकाशावर ताडून घ्या. हा अर्धा तास अजिबात वाचवू नका.

आता माती. तुमच्या उत्तरेला आणि पश्चिमेला खडूचे डोंगर आहेत: चिल्टर्न्स आणि बर्कशायर डाउन्स. कोरडा खडू म्हणजे घट्ट, वेगवान वाट. तोच ओला झाला की वरचा थर साबण लावलेल्या फरशीसारखा निसरडा होतो, आणि तो चढावर नाही, उतारावरच्या वळणात पाडतो. चिल्टर्न्सच्या माथ्यावर खडूवर चकमकीच्या दगडांनी भरलेली चिकणमाती बसलेली आहे. बीचची बरीच सुंदर रानं याच मातीवर आहेत, आणि नोव्हेंबर ते मार्च ती चाकाला चिकटून फ्रेममध्ये भरत जाते. दक्षिणेला सरे हिल्सकडे ग्रीनसँड लागतो. तो वालुकामय असल्यामुळे पाणी झिरपून जातं, म्हणून लीथ हिल (२९४ मीटर) आणि होम्बरीची पाइनची रानं पावसाळी आठवड्यातही चालवता येतात. खडूवर मे ते सप्टेंबर आणि वाळूवर हिवाळा, एवढं धरून चाललं तर वर्षभर सायकल बाहेर निघते.

पहिला मोठा रूट म्हणून रिजवे करा, म्हणजे खडूच्या डोंगरमाथ्यावरून जाणारी लांब पल्ल्याची वाट. पूर्ण रिजवे एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत १३९ किलोमीटर आहे, पण गोरिंगच्या पश्चिमेचा भागच सायकलला सलग खुला आहे. पूर्वेकडे चिल्टर्न्समध्ये त्याचे बरेच तुकडे फुटपाथ आहेत. ग्रिम्स डिच या प्राचीन चराच्या कडेने नफील्डकडे जाणारा तुकडा त्यातलाच, आणि तिथेच बरेच जण अडकतात. एका दिवसासाठी स्विंडनहून गोरिंगला या, उलट जाऊ नका. वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो आणि माथा उघडा आहे, त्यामुळे पूर्वेकडे येताना तो पाठीवर राहतो. दुसरं कारण रेल्वेचं. रेडिंगहून स्विंडनला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलची जागा मोजकी असते. सकाळची गाडी ठरलेली असते, तिचं आरक्षण करता येतं. परतीला कधी पोहोचाल ते सांगता येत नाही, आणि गोरिंगला थांबणाऱ्या लोकलला आरक्षण लागत नाही. फक्त कामाच्या दिवसांतली गर्दीची वेळ टाळा.

स्विंडन स्टेशनहून वॉनबरोमार्गे फॉक्स हिलला चढा, साधारण १० किलोमीटर डांबरी रस्ता. तिथून रिजवे सुरू होतो आणि गोरिंगपर्यंत सुमारे ४२ किलोमीटर चालतो. आधी वेलँड्स स्मिदी, म्हणजे बीचच्या झाडांच्या घोळक्यात दडलेलं नवाश्मयुगीन दफनस्थळ. मग व्हाइट हॉर्स हिल, २६१ मीटर, त्या दिवसाचा सर्वात उंच बिंदू. तिथे उतारावर खडूत कांस्ययुगात कोरलेला घोडा सुमारे ११० मीटर लांब आहे, पण माथ्यावरून त्याचे तुकडेच दिसतात. पूर्ण बघायचा तर खालच्या खोऱ्यातूनच. पुढे सेग्सबरी या प्राचीन टेकडी-किल्ल्याचा तट, लॉर्ड वाँटेजचा स्तंभ, आणि ए ३४ महामार्गाखालचा बोगदा. ए ३३८ मात्र थेट ओलांडावा लागतो, तिथे उतरून चालत जा, मोटारी वेगात असतात. शेवटी स्ट्रीटलीकडे उतरताना सुट्या चकमकी पसरलेल्या असतात. वजन मागे घ्या, ब्रेक वळणाच्या आधीच मारा.

या माथ्यावर खरी अडचण पाण्याची असते. खडूतून पाणी खाली मुरतं आणि डोंगराच्या पायथ्याशी, चिकणमातीचा थर लागतो तिथे झऱ्यांनी बाहेर येतं. म्हणून लेटकॉम, वूलस्टोन, अ‍ॅशबरी, बिशपस्टोन ही गावं सगळी त्या झऱ्यांच्या ओळीत खाली वसली आहेत आणि माथा कोरडा आहे. सेग्सबरीहून लेटकॉम रीजिसला पाण्यासाठी उतरलात तर सुमारे १०० मीटर उंची गमावून पुन्हा चढायची. उन्हाळ्यात अडीच लिटर सोबत घेऊनच निघा. दुसरा धोका चाकोऱ्यांचा. ट्रॅक्टर आणि जीपने पाडलेल्या चाकोऱ्या जूनमध्ये दगडासारख्या वाळतात. एकदा चाक आत गेलं की तिरकं बाहेर काढायचा प्रयत्न करू नका, पुढचं चाक कडेला घासतं आणि माणूस आडवा होतो. वेग कमी करा, जिथे कड बसकी असेल तिथे जवळजवळ काटकोनात बाहेर या. नाहीतर मधल्या गवताच्या पट्ट्यावरूनच चालवा, हळू पण सुरक्षित.

चिल्टर्न्सची रानं ब्लूबेल या निळ्या रानफुलांसाठी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंत. गोरिंगहून स्वान्स वे या ब्राइडलवेने निघा, मग डोंगराच्या पायथ्याची आइकनील्ड वे धरून वॉटलिंग्टनपर्यंत या, जवळजवळ सपाट खडूवाट आहे. तिथून ख्रिसमस कॉमनचा चढ रस्त्यानेच घ्या आणि परतताना स्टोनरच्या बाजूने रानातून हेन्लीला उतरा. ओली मुळं वाटेला आडवी असतील तिथे ब्रेक सोडून सरळ ओलांडायची. घारींसारखे मोठे तांबूस पक्षी डोक्यावर घिरट्या घालताना दिसतील, ते रेड काइट. इंग्लंडातून नाहीसे झाल्यावर १९८९ पासून ते इथे परत आणून सोडले गेले.

घरच्यांना किंवा नवख्याला घेऊन जायचं असेल तर डाउन्स लिंक. गिल्फर्डजवळून शोरहॅम-बाय-सीपर्यंत ५९ किलोमीटर, १९६० च्या दशकात बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून, त्यामुळे चढ अगदी सौम्य. अपवाद एकच: बेनर्ड्सचा बोगदा बंद आहे, तिथे वाट टेकडीवरून चढते. न्यू फॉरेस्टमध्ये ब्रॉकनहर्स्ट स्टेशनहून खडीच्या उत्तम वाटा आहेत, पावसाळी दिवसातही चालतात, पण जंगलात सायकल फक्त खुणेचे खांब असलेल्या वाटांवरच चालवता येते. आणि किंग आल्फ्रेड्स वे, २०२० मध्ये सायकलिंग यूके या सायकलस्वारांच्या संस्थेने सुरू केलेलं ३५० किलोमीटरचं वर्तुळ, रेडिंगमधूनच जातं; उन्हाळ्यात चार दिवस मिळाले तर जरूर करा.

सायकलबद्दल. टायर ट्यूबलेस करा (आत ट्यूबऐवजी भोकं आपोआप बुजवणारं द्रव सीलंट), इथे त्याला पर्याय नाही. चकमक काचेसारखी फुटते आणि टायरची बाजू चिरते, आणि बाजूची चीर सीलंटने भरत नाही. म्हणून प्लग (भोकात ठासायची चिकट पट्टी), आतून लावायचा जाड पॅच आणि एक ट्यूब, तिन्ही ठेवा. ४० मिमीला साधारण ६० मिली सीलंट, दर तीन-चार महिन्यांनी तपासायचं. ७० किलो वजनाला पुढे २८ ते ३०, मागे ३२ ते ३४ पीएसआय हवेचा दाब. सप्टेंबरपासून शेतकरी कुंपणाच्या झुडपांची छाटणी करतात (१ मार्च ते ३१ ऑगस्ट ती करायला बंदी असते), त्यामुळे शरद ऋतूत गावाकडच्या अरुंद रस्त्यांवर हॉथॉर्न या कुंपणाच्या झुडपाचे काटे पडलेले असतात. टायरमध्ये काटा दिसला तर घरी येईपर्यंत उपटू नका.

हिवाळ्यात ४० मिमीपेक्षा जाड टायर घालायचा मोह टाळा. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना निदान ६ मिमी जागा हवी, नाहीतर चिकणमाती गवत-पाल्यासकट तिथे घट्ट बसते. चाक जाम झालं असताना जोर लावून पॅडल मारलं की डेरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा धातूचा तुकडा, मोडतो. जाम झालं की थांबा, काडीने माती काढा, मगच निघा. सुटा हँगर आणि चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) पिशवीत असू द्या. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही. ओल्या खडूचा पांढरा लगदा रेझिनचे ब्रेक पॅड झपाट्याने खातो, म्हणून ऑक्टोबरात सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड घाला. घरी आल्यावर तो लगदा वाळायच्या आत साध्या पाइपने धुवा; प्रेशर वॉशर बेअरिंगवर मारू नका.

घोडा दिसला की मागून गुपचूप जाऊ नका. लांबूनच मोठ्याने ‘हॅलो’ म्हणा, माणसाचा आवाज ऐकला की घोडा बिचकत नाही. स्वाराने सांगेपर्यंत थांबा, मग हळू, भरपूर अंतर ठेवून पुढे जा. फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, आणि गाई वासरांसह असतील तर उतरून लांबून वळसा घालायचा. डिसेंबरात चारच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे रानात साडेतीनलाच अंधारतं; त्या महिन्यात चाळीस किलोमीटरच्या वर आखू नका आणि पुढचा दिवा चार्ज करूनच निघा. तुमचं वजन आणि फ्रेमचं मॉडेल लिहा, म्हणजे प्रेशर आणि हँगर नेमका कुठला ते सांगता येईल.